किरणं डाऊनलोड करू नका, काढायला शिका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फ्लेक्सबाजीवर वाचकांची पत्रं तुमच्याकडे येत असतात, चौक विद्रूप झाला, झाडं झाकली, नेत्यांचे चेहरे बघून कंटाळा आला वगैरे, ते सगळं खरंय आणि मी स्वतः फ्लेक्सवाला असूनही त्यावर काही बोलणार नाही. माझं दुखणं वेगळंय. त्या बोर्डावर साहेबांच्या मागं जी किरणं असतात ना, त्याबद्दल लिहायचंय. हसू नका, आमच्या धंद्यात शंभरातल्या निम्म्या गिऱ्हाइकांचं पहिलं वाक्य हेच असतं, "मागं जरा किरणं मारा".

तर ही किरणं आजकाल कोण काढतच नाही. नेटवरून जेपीजी उचलायची आणि ताणायची. मोबाईलच्या स्क्रीनवर छान दिसते, पण तीच २० बाय १० फुटावर गेली की किरणाच्या कडेला जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात. माझ्याच दुकानातून एक बोर्ड असा गेलाय ज्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या मागं त्या फोटोवाल्या साइटचा फिकट शिक्का फूटभर मोठा दिसत होता, रात्री अकराला डिझाइन केलेलं, कुणाच्या लक्षात आलं नाही, सकाळी चौकात सगळ्यांच्या लक्षात आलं. पैसे मिळाले नाहीत ते सोडा, गिऱ्हाईक गेलं.

आमच्याकडं काम शिकायला जी पोरं येतात ती कुठलातरी डीटीपीचा कोर्स करून आलेली असतात. सर्टिफिकेट असतं, सगळे मेनू पाठ असतात, पण कोरलमध्ये, म्हणजे आम्ही डिझाइनला वापरतो त्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये, कोरी फाईल उघडून दिली आणि म्हटलं की किरणं काढ, तर पोरगं ब्राउझर उघडतं. त्यांची चूक नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही की हे पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यात सातवीची भूमिती सोडून काहीच नाही.

माझे चुलते साइनबोर्ड पेंटर होते. ते भिंतीवर किरणं काढायचे तेव्हा मधोमध एक खिळा ठोकायचे, त्याला सुतळी बांधायची, सुतळी गेरूत बुडवायची, टोक ताणून धरायचं आणि मधनं टिचकी मारली की भिंतीवर सरळ रेघ. गवंडी सूत मारतात तसंच. खिळा हलला की सगळं वाटोळं. आता कॉम्प्युटरवर पण सगळा खेळ त्या खिळ्याचाच आहे, फक्त त्याला सेंटर ऑफ रोटेशन म्हणतात.

आधी हिशोब. गोल ३६० अंशाचा. अशोकचक्राला २४ आरे, म्हणजे दोन आऱ्यांत १५ अंश, हे सगळ्यांना माहितीय. तसेच २४ भाग धरा, १२ किरणं आणि १२ मोकळ्या जागा. किरण १५ अंशाचं पण फिरवायचं मात्र ३० अंशानं. नवशिकी पोरं हमखास इथंच चुकतात, १५ चं किरण १५ नीच फिरवतात आणि मग सगळा गोल एकाच रंगानं भरला की म्हणतात सॉफ्टवेअर बिघडलंय. दुसरी चूक स्टार टूल घेण्याची. स्टारची टोकं बाहेर निमुळती होतात आणि आपलं किरण बरोबर उलटं, आत निमुळतं आणि बाहेर रुंद होत जाणारं. चांदणी वेगळी आणि किरणं वेगळी.

कोरलमध्ये एलिप्स टूलनं कंट्रोल दाबून पक्का गोल काढा, वरच्या पट्टीत 'पाय' (Pie, गोलाचा तुकडा) नावाचं बटण दाबा, अंश ० ते १५ द्या, झाली पाकळी. तिच्यावर दोनदा क्लिक केलं की मधोमध एक टिंबवाला गोल दिसतो, तोच आपला खिळा, तो ओढून पाकळीच्या टोकाला नेऊन बसवायचा, स्नॅप चालू ठेवा म्हणजे बरोबर चिकटतो. मग ऑल्ट एफ८ नी फिरवायची खिडकी उघडा, अंश ३०, कॉपी ११, अप्लाय. संपलं. जुन्या व्हर्जनमध्ये कॉपीचा आकडा नाही, तिथं अप्लाय टू डुप्लिकेट अकरा वेळा दाबा. (जुनी व्हर्जनं किती दुकानात चालतात आणि का चालतात हे मी इथं लिहीत नाही, पेपर आहे.)

पैसे नसतील तर इंकस्केप घ्या, फुकट आहे, २००३ पासून आहे, आणि साध्या लॅपटॉपवर पळतं. त्यात पण एलिप्स टूलला स्टार्ट आणि एंड अंश देता येतात, केंद्र टोकाला न्यायचं आणि एडिट मेनूत क्लोनमध्ये टाइल्ड क्लोन्स, एक ओळ, बारा कॉलम, रोटेशनमध्ये कॉलममागं ३० अंश, शिफ्टमध्ये एक्स्क्लूड टाइलला टिक. यातली मजा म्हणजे नंतर मूळ पाकळीचा रंग बदलला की बाराच्या बारा बदलतात, गिऱ्हाईक समोर बसून "जरा अजून पिवळं" करत असतं तेव्हा याची किंमत कळते. इलस्ट्रेटर (अडोबीचं असंच सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी तर अजून सोपी चलाखी आहे, पाकळी काढूच नका. २०० पॉइंट व्यासाचा गोल घ्या, फिल (आतला रंग) काढा, स्ट्रोक (कडेची रेघ) पण २०० पॉइंट जाड करा, आणि डॅश लाइन चालू करून डॅश २६.१८ आणि गॅप २६.१८ टाका. गोलाचा परीघ ६२८.३, त्याला २४ नी भागलं की हाच आकडा येतो. रेघच किरणं होऊन जाते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो खरंच.

किरणं काढली म्हणजे झालं असं नाही, बोर्ड घाण दिसतो तो पुढच्या गोष्टींनी. एक म्हणजे आउटलाइन काढून टाका. पाकळीला बारीक काळी रेघ तशीच राहिली तर सगळ्या रेघा मध्यात एकत्र येतात आणि तिथं काळा गोळा दिसतो, नेमका साहेबांच्या डोक्यामागं. दुसरं, गडद पाकळी फिकट पाकळी असं एकाशेजारी एक लावत बसू नका, दोन कडा जिथं भिडतात तिथं स्क्रीनवर आणि पीडीएफमध्ये केसाएवढी पांढरी रेघ दिसते आणि गिऱ्हाईक त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतं. खाली एक अखंड गडद रंग घाला आणि वर फक्त फिकट किरणं ठेवा, फटीचा प्रश्नच येत नाही. रंग सीएमवायकेमध्येच, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या टक्क्यांतच घ्या, पिवळा १०० आणि मॅजेंटा २० नी हळदीसारखा छान रंग येतो, मॅजेंटा ६० केला की केशरी, आणि काळा अजिबात मिसळू नका, मळकट होतं.

साइजचं पण सांगतो कारण त्यात सगळे फसतात. आम्ही फुटाला इंच धरून काम करतो, १० बाय ८ फुटाचा बोर्ड म्हणजे १० बाय ८ इंचाचं पान. किरणं कोपऱ्यापर्यंत पोचली पाहिजेत. केंद्र बरोबर मध्यात असेल तर कोपरा ६.४ इंचावर येतो, पण केंद्र कधी मध्यात नसतंच, ते चेहऱ्यामागं असतं आणि चेहरा डावीकडं किंवा उजवीकडं असतो. मग एकच करा, त्रिज्या १३ इंच घ्या, पानाचा कर्णच १२.८ आहे त्यामुळं केंद्र पानात कुठंही सरकवलं तरी कोपरा उघडा पडत नाही. उरलेलं पॉवरक्लिपमध्ये (कोरलची चौकटीबाहेरचं झाकायची सोय) टाकून लपवायचं.

आणि सगळी किरणं सारखीच पाहिजेत असं कुणी सांगितलं? २० चं किरण, १० ची जागा, १० चं किरण, २० ची जागा, झाले ६०, हे सहा वेळा फिरवा, बघा किती जिवंत दिसतं. जुन्या कॅलेंडरवरच्या देवांच्या मागं अशीच लहानमोठी किरणं असायची. कॅलेंडरचे चित्रकार रघुवीर मुळगावकर, त्यांची चित्रं बघत वाढलेली आमची पिढी, देवाच्या डोक्यामागचा उजेड कसा हळूहळू विरत जातो ते आम्ही किराणा दुकानात भिंतीकडं बघून शिकलो. आजच्या बोर्डावर तो उजेड कुठंच विरत नाही, डोळ्यात टोचतो. विरघळवायचा असेल तर सगळी किरणं निवडून कंट्रोल एल नी कंबाइन करा आणि मग गोल ट्रान्सपरन्सी, म्हणजे मधनं बाहेर विरत जाणारी पारदर्शकता मारा. कंबाइन नाही केलं तर प्रत्येक किरणाला आपापली वेगळी ट्रान्सपरन्सी लागते आणि भजं होतं.

एक सावधगिरी. पांढऱ्यावर लाल १६ किरणं आणि मधे लाल गोळा असं करू नका. ते जपानच्या नौदलाचं निशाण आहे, १८८९ पासूनचं, आणि कोरिया, चीनमधल्या लोकांना त्यावरून युद्धकाळातले अत्याचार आठवतात. आपल्या गल्लीत कोण ओळखणार म्हणा, पण आमच्या इथल्या एका मंडळानं टीशर्टवर तेच छापायला आणलं होतं, मी किरणं केशरी केली आणि २४ भाग केले, त्यांना फरक कळला नाही, मला बरं वाटलं.

आता मुद्द्याचं. तुमच्या रविवारच्या पुरवणीत राशिभविष्याच्या खाली अर्धा कॉलम मोकळा असतो, कधी विनोद असतो कधी जाहिरात. तिथं दर आठवड्याला एक छोटी आकृती द्या ना, एक रविवार किरणं, एक रविवार रिबन, एक रविवार तोरण, एक रविवार कमान. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये करता येतील अशा. तालुक्याच्या गावात ज्या पोराकडं क्लासच्या फीचे पैसे नाहीत ते पोरगं कात्रण काढून ठेवील. लिहून मी देतो, मानधन नको, फक्त आकृती काळीपांढरी छापू नका.

आपला,
एक डीटीपीवाला, बार्शी

ता.क. वर कॉपी ११ लिहिलंय ते ११च ठेवा. आमच्या नव्या पोरानं दहावीच्या निकालाच्या बोर्डाला १२ टाकलं, म्हणजे तेरावं किरण बरोबर पहिल्याच्या डोक्यावर बसलं, डोळ्याला काहीच दिसलं नाही. मग त्यानं कंबाइन केलं आणि एकावर एक असलेली ती दोन्ही किरणं एकमेकांना खाऊन गायब झाली. बोर्ड तसाच छापला गेला, मुख्याध्यापकांच्या फोटोच्या बरोबर वर ११ किरणं आणि एक भगदाड. अजून लागलेला आहे, बसस्टँडकडनं आलात तर दिसेल.