डोळे मिटून माझ्या कयाकमध्ये बसलेल्या काकांना

काका, नमस्कार.

नाव लिहू नको असं तुम्ही बजावलंय म्हणून लिहीत नाही, पण आभार मानू नको असं काही म्हणाला नव्हतात, तेव्हा ते मी चारचौघांत मानणारच. समोर येऊन मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, आधी ते जॅकेट वाळत घाल" म्हणून विषय बदलता.

आधी थोडा राग काढून घेतो. माझ्या छोट्या कयाकवर, म्हणजे वल्ह्याच्या त्या अरुंद होडीवर, ज्यांनी शीड बसवून दिलं त्यांच्याकडे मी कयाक उलटल्यानंतर गेलो होतो. झालं एवढंच होतं की शिडाच्या दोरीला लावलेलं स्प्रिंगचं हूक पाण्याखाली माझ्या लाइफ जॅकेटच्या पट्ट्यात गेलं आणि सुटेना. कसाबसा बाहेर आलो. त्यावर उत्तर काय, तर "सुटलात ना शेवटी?" आणि लगेच काउंटरवर आणखी जाड, आणखी कडक स्प्रिंगचं हूक! हे ३१६ ग्रेडचं स्टील आहे म्हणे, गंजणार नाही. अहो मान्य, ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, खाऱ्या पाण्यात ते नेहमीच्या ३०४ ग्रेडच्या स्टीलपेक्षा जास्त टिकतं, पण मी गंजाची तक्रार घेऊन गेलोच नव्हतो. मी सांगतोय अडकलो, आणि हे मला अजून घट्ट धरणारी वस्तू विकतायत. नंतर ज्याला विचारावं त्याचं तेच, मजबूत घे, मजबूत घे. आणि ही मजबुती बसवलेली कशावर, तर कयाकच्या प्लास्टिकच्या डेकमध्ये, म्हणजे वरच्या पाठीत, नुसते स्क्रू पिळून. मागून ना पट्टी ना नट, जोराचा झोत आला की उपटून हातात.

आणि मग तुम्ही. मला वाटलं आता पाना काढतील, सामानाची यादी देतील. तुम्ही माझं जॅकेट मागितलंत. तुमचं नाही, माझंच, मी घालतो तेच. बकल लावलेत, पट्टे ओढलेत, गुडघा धरत धरत गवतावर ठेवलेल्या कयाकमध्ये बसलात, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "आता कर आडवी."

काका, मला अजून ते आठवलं की कसंतरी होतं. तुम्ही कुशीवर पडल्यासारखे, कान गवताला लागलेला, आणि हात डेकवर चाचपत चाललाय, पाण्याखाली काही दिसत नसताना माझा हात जसा गेला असेल तसा. एका स्प्लिट पिनच्या, म्हणजे टोकं वाकवून अडकवायच्या दुहेरी तारेच्या खिळीच्या, वाकवलेल्या टोकात तुमच्या स्वेटरची बाही अडकली, धागा चांगला वीतभर ओढला गेला, आणि तुम्ही डोळे न उघडता फक्त म्हणालात, "हं, ही एक." मग पुढे. ती गोल रिंग, जिच्यावर डोलकाठीच्या ताणाच्या दोरीची पिन टिकून असते, तिच्या टोकात नख घालून दाखवलंत की पट्टा असा अडकला तर ही उलगडत जाते, पिन पडते, आणि काठी आडवी. मग मला विचारलंत, "उलटल्यावर तू कुठल्या बाजूनी बाहेर पडतोस?" हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं!! सगळे कयाककडे बघत होते, आत बसणारा माणूस कुणाच्या हिशोबातच नव्हता.

बाकी कामाचं काय लिहू, ते तुम्ही बोलता बोलता उरकलंत. हूक गेलं, त्याजागी डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याच्या दोरीचा सॉफ्ट शॅकल, म्हणजे दोरीचीच उघडता येणारी कडी, आला, आता शीड फडफडताना कपाळावर आपटलं तरी ती दोरी आहे, लोखंड नाही, आणि घासली गेलीय का ते दरवेळी बघ हा दमही दिलात. रिंगा आणि पिनांची टोकं टेपखाली गेली. स्क्रूच्या जागी आरपार बोल्ट, आतून पट्टी. ॲल्युमिनियमची काठी आणि स्टीलच्या मधे प्लास्टिकचा वॉशर, कारण खाऱ्या पाण्यात ते दोन धातू चिकटून राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आणि शिडाची दोरी कुठेही गाठ मारून बांधायची नाही, फक्त कॅम क्लीटमध्ये, म्हणजे दोन दातेरी जबड्यांच्या चिमट्यात, एका झटक्यात सुटेल अशी. "जे धरून ठेवायचं ते पक्कं धरू दे, पण माणसाच्या आसपासचं सगळं सुटलं पाहिजे." एवढं एक वाक्य आधी कुणी बोललं असतं तर!

हुशार माणसं पुष्कळ भेटतात हो, पण ती बहुतेक उभ्याउभ्या सल्ला देतात. दुसऱ्याच्या अडचणीत स्वतः जाऊन बसणारी, तेही ओल्या, वास मारणाऱ्या जॅकेटसकट, फार थोडी. आणि त्यात समोरच्याला मूर्ख ठरवायचं नाही, हे तर त्याहून अवघड. मला तुम्ही एकदाही "एवढं कळत नाही का" म्हणाला नाहीत. नवीन स्वेटर देतो म्हटलं तर हसून उडवून लावलंत, ते मात्र मी ऐकणार नाही.

एक काम अजून आहे. माझ्या मैत्रिणीच्या कयाकवरही त्याच लोकांनी शीड बसवलंय, तेच हूक, तेच स्क्रू. तिला घेऊन येऊ का? तिचं जॅकेट तुम्हाला होणार नाही, तेव्हा या वेळी आत तिलाच बसवा, आडवी करायला मी आहे.

तुमचा,
तोच अडकलेला