पेट्रोलमध्ये पाणी, आणि उत्तर मात्र 'इथेनॉल'

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. शाळेला निघताना वाटेतल्या पंपावर स्कूटरमध्ये ३०० रुपयांचं पेट्रोल भरलं. रात्रभर पाऊस झाला होता आणि पंपाच्या आवारात घोटाभर पाणी साचलं होतं. दोन-अडीच किलोमीटर गेले असेन, तोच गाडी धक्के खायला लागली आणि बंद पडली. स्टार्टर दाबून दाबून बॅटरी उतरली. कडेला उभी राहिले, तर पुढे शंभर पावलांवर एक दूधवाले दादा कॅन लावलेली मोटारसायकल ढकलत होते. त्यांनीही अर्ध्या तासापूर्वी त्याच पंपावर पेट्रोल भरलं होतं.

मेकॅनिकने टाकी खोलून पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं. थोड्या वेळाने बाटलीत सरळ दोन थर दिसू लागले. वर पेट्रोल आणि खाली तीन बोटं उंचीचा गढूळ थर. माझी गाडी बीएस-६ आहे, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असलेली. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत खालचा स्क्रू सैल करून पाणी काढून टाकता यायचं. आता इंजेक्टर आणि टाकीतला पंप साफ करावा लागतो, नशीब वाईट असेल तर बदलावा लागतो. मला १,८५० रुपये खर्च आला आणि दोन दिवस शाळेला जायला मिळेल त्या वाहनाला हात करावा लागला. दूधवाल्या दादांचं त्या सकाळचं दूध नासलं. त्याचा हिशेब कुठल्याच अर्जात मांडता येत नाही.

बाटली घेऊन मी पंपावर गेले. व्यवस्थापकांनी बाटलीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "मॅडम, हे इथेनॉलचं आहे. सगळीकडे असंच येतंय. सरकारनेच मिसळायला लावलंय, आम्ही काय करणार?"

या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. गेल्या वर्षभरात हेच उत्तर मी किमान चार जणांकडून ऐकलं आहे, आणि ते चुकीचं आहे. मी सहावी-सातवीला विज्ञान शिकवते, म्हणून ते तसंच सोडून देणं मला जमत नाही.

इथेनॉल म्हणजे उसासारख्या पिकांपासून बनणारं अल्कोहोल. ते पाणी तयार करत नाही. पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, पण इथेनॉलचं दोघांशीही जमतं. त्यामुळे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी शिरलं तर ते विरघळून जातं, दिसत नाही. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की मात्र इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं. म्हणूनच खालचा थर आत शिरलेल्या पाण्यापेक्षा बराच मोठा दिसतो. माझ्या बाटलीतली तीन बोटं म्हणजे निव्वळ पाणी नव्हतं, पाणी आणि इथेनॉल दोन्ही होतं. पण मुळात पाणी बाहेरून आल्याशिवाय हे घडत नाही. हवेतला दमट ओलावा शोषला जातो हे खरं आहे, पण त्याने एका रात्रीत टाकीच्या तळाशी असा थर साचत नाही. जमिनीखालच्या टाकीवरचं झाकण, त्याचं रबर, टँकरची नळी जोडायचं तोंड, त्या भोवतीचा चौकोनी खड्डा, यातून पावसाचं पाणी आत जातं. टाकीतून पेट्रोल उचलणारा पाइप तळाजवळ असतो. त्यामुळे पाणी शिरलं की ते सगळ्यात आधी गिऱ्हाइकाच्या गाडीत जातं.

पाणी कधी आपल्याच गाडीच्या झाकणातूनही शिरतं, हे मला माहीत आहे. पण एकाच सकाळी, एकाच पंपावरून निघालेल्या दोन वेगवेगळ्या गाड्या कोसभराच्या आत बंद पडतात, तेव्हा तो खुलासा पुरत नाही.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही. आमच्या भागाला ते नवीनही नाही. २००१ मध्ये देशात इथेनॉल मिश्रणाचे पहिले प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले, त्या तीन ठिकाणांत मिरज आणि आमचं मनमाड ही महाराष्ट्रातली दोन होती. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी ऊस आहे, कारखान्याचं बिल वेळेवर आलं तरच त्यांची वह्या-पुस्तकं वेळेवर येतात. २०१४ मध्ये पेट्रोलमध्ये जेमतेम दीड टक्का असलेलं इथेनॉल २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेलं. मायलेज थोडं कमी होतं, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही आहे. जुन्या गाड्यांच्या रबरी भागांची काळजी वाटते, त्यावर स्वतंत्र चर्चा व्हायला हवी. पण जे इंधन पाण्याच्या बाबतीत इतकं नाजूक आहे, ते साठवणाऱ्याची जबाबदारी वाढते. इथे तर त्याचंच नाव घेऊन जबाबदारी झटकली जात आहे.

भेसळीविरुद्धच्या लढाईची किंमत आमच्या नाशिक जिल्ह्याने मोजलेली आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडीला तेलमाफियांनी जिवंत जाळलं. टँकरमधून चाललेली चोरी आणि भेसळ ते पकडत होते. त्याआधी नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरीत मंजुनाथ षण्मुगम या तेल कंपनीतल्या तरुण अधिकाऱ्याचा पंपावरची भेसळ रोखली म्हणून खून झाला. पानेवाडीवरून जाताना आजही आमच्या घरात कोणीतरी सोनवणे साहेबांचं नाव काढतं.

त्या काळची भेसळ रॉकेलची होती. रेशनचं निळं रॉकेल स्वस्त, पेट्रोल-डिझेल महाग, आणि त्या फरकावर टोळ्या पोसल्या जायच्या. पंपावर ग्राहकाला आज ज्या चाचण्या मागता येतात, त्या त्याच भेसळीसाठी आहेत. फिल्टर पेपरवर नोझलमधून पेट्रोलचा थेंब टाकायचा; दोनेक मिनिटांत तो डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. डाग राहिला तर संशयाला जागा आहे. ही चाचणी मागणं आपला हक्क आहे, त्याला पैसे पडत नाहीत. पण हा कागद रॉकेल पकडतो. पाणी तेलकट डाग ठेवत नाही. पंपावर मी फिल्टर पेपर मागितला, तो लगेच मिळाला, त्यावर डाग राहिला नाही, आणि "बघा, पेट्रोल शुद्ध आहे" असं मला सांगण्यात आलं. माझ्या हातात दोन थरांची बाटली होती!

घनतेची चाचणीही मागता येते. हायड्रोमीटर आणि थर्मामीटरने घनता मोजून १५ अंश सेल्सिअसचा आकडा काढतात आणि तो टँकरच्या चलनावरच्या आकड्याशी ताडून पाहतात. दोन्हींत घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक नसावा. आपण सगळे झिरो पाहतो, ११० नाहीतर २१० रुपयांचं भरून मापातली फसवणूक टाळल्याचं समाधान मानतो, पण यंत्रावर दिसणाऱ्या घनतेच्या आकड्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. माझंही नव्हतं.

पाण्यासाठी खरी तपासणी वेगळी आहे आणि ती ग्राहकाच्या नजरेआड होते. रोज सकाळी टाकीत सोडायच्या पट्टीला पेस्ट लावतात. पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी वेगळी पेस्ट मिळते, कारण नेहमीची पेस्ट अशा मिश्रणाचा थर नीट दाखवत नाही. त्या सकाळी ही तपासणी झाली होती का, कोणती पेस्ट वापरली होती, हे मी विचारलं. वही दाखवायला कोणी तयार झालं नाही.

पुढचे पंधरा दिवस अर्जांत गेले. एका कार्यालयाने सांगितलं, आम्ही फक्त माप बघतो. दुसऱ्याने सांगितलं, दर्जा कंपनी बघते. कंपनीच्या माणसाने फोनवर बिल मागितलं. मी पैसे मोबाइलवरून दिले होते, वेळेसकट नोंद माझ्याकडे आहे, पण छापील बिल घेतलं नव्हतं. अखेर तपासणी झाली ती दहाव्या दिवशी. तोपर्यंत त्या टाकीत किती टँकर रिकामे झाले असतील! नमुना अर्थातच निर्दोष निघाला.

जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशात रतलामला मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या डिझेल भरल्यानंतर बंद पडल्या. डिझेलमध्ये पाणी निघालं आणि प्रशासनाने तो पंप लगेच सील केला. म्हणजे तातडीने तपासणी करता येते, विक्री थांबवता येते. हीच तत्परता दूधवाल्याच्या मोटारसायकलसाठीही दाखवली पाहिजे.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत प्रत्येक पंपाने सकाळची पाणी-तपासणी, वेळ आणि वापरलेल्या पेस्टच्या नावासह, घनतेच्या आकड्याशेजारी फलकावर लिहावी. काचेचं एक स्वच्छ मापपात्र प्रत्येक पंपावर असावं, आणि मागेल त्याला नोझलमधलं पेट्रोल त्यात काढून दाखवावं. ते पारदर्शक दिसलं पाहिजे, गढूळ किंवा दोन थरांचं नाही. पाण्याची तक्रार आली की तपासणी होईपर्यंत त्या टाकीतली विक्री थांबवावी, तक्रारदारासमोर नमुना सील करावा आणि अहवालाची प्रत त्याला द्यावी. तक्रार कोणीही कुठेही दिली तरी ती योग्य टेबलावर पोचवण्याचं काम जिल्हा पुरवठा यंत्रणेने करावं, नागरिकाला फिरवू नये. दोष सिद्ध झाला तर दुरुस्तीचा खर्च पंपाने द्यावा.

वाचकांना एक विनंती. २०० रुपयांचं भरलं तरी बिल घ्या. गाडी बंद पडली तर सारखा स्टार्टर मारू नका, आणि टाकीतलं पेट्रोल मेकॅनिकला फेकू देऊ नका. काचेच्या बाटलीत काढून ठेवायला सांगा, दोन साक्षीदारांसमोर फोटो काढा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे नोंदवलेल्या तक्रारीला क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा.

पंपाचं आणि कंपनीचं नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण त्या सकाळच्या पेट्रोलचा प्रयोगशाळेचा अहवाल माझ्याकडे नाही. बाटली मात्र आहे. मेकॅनिकने ती झाकण घट्ट लावून, तारीख लिहून गॅरेजमध्ये सावलीला ठेवली आहे. थर अजून दोनच आहेत. कोणत्याही अधिकाऱ्याला ती तपासायची असेल, तर मी शाळा सुटल्यावर स्वतः घेऊन येईन.

आपली नियमित वाचक,
एक प्राथमिक शिक्षिका, येवला (जि. नाशिक)