बेटद्वारकेला गेलेल्या लेकीस

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

ओख्याला पोहोचल्याचा तुझा मेसेज मिळाला. ताईआत्यालाही कळवलं. स्टेशनवर तू माझ्याशी न बोलता सौराष्ट्र मेलमध्ये चढलीस, म्हणून हे पत्र. तू बेटावर होडीने जावंस की नाही, यावरून आपण भांडलो; तो होडीचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे.

बेटावरच्या माणसांच्या आठवणी लिहून घ्यायच्या या कामाला तू निघालीस याचा मला फार अभिमान वाटतो. भांडणात ते बोलायचं राहिलं. आपल्या घरात ओखामंडळ, म्हणजे द्वारका-ओख्याचा तो सगळा मुलूख, म्हटलं की नानांची वहिवाटदार कचेरीतली नोकरी, एवढंच. तिकडे बदली झाली की बायकामाणसं कशी रडायची, गोड्या पाण्याचे कसे हाल होते, हे आजींकडून ऐकलं. सयाजीराव महाराजांनी 1926 मध्ये ओखा बंदर सुरू केलं, तेही दर दिवाळीला ऐकलं. बेटावरची माणसं तेव्हा काय बोलत होती, ते आपल्यातल्या कुणी विचारलं नाही. तू विचारणार आहेस.

तिथे आडनाव सांगितलंस की तू बडोद्याची मराठी हे त्यांना कळेल. आपण महाराजांच्या काळ्या घोड्याच्या पुतळ्यावरून रोज जाणारी माणसं, गायकवाडी म्हटलं की आपल्याला शाळा आणि वाचनालयं आठवतात. त्यांची आठवण निराळी असेल. इंग्रजांनी ओखामंडळ ताब्यात घेऊन 1817 मध्ये गायकवाडांच्या हवाली केलं, तेव्हा तिथल्या मूळच्या वाघेरांना कोण विचारतो? पुढे त्यांचे पुढारी जोधा माणेक, मुळू माणेक उठले, त्यांनी द्वारका आणि बेट घेतलं, आणि ऑक्टोबर 1859 मध्ये बेटाच्या किल्ल्यावर इंग्रजांच्या तोफा चालल्या. देवळांनाही त्याची झळ लागली. कुणी हे चढ्या आवाजात सांगितलं तर ऐकून घे. 1906 च्या सक्तीच्या शिक्षणाचं मी वर्गात जन्मभर शिकवलं आणि ते खरंच मोठं काम आहे, पण तिथे त्याने सुरुवात करू नकोस. आधी चहा घे, मग वही काढ. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं मध्ये तोडू नकोस. ओहोटीला खडकांवर शंख वेचणाऱ्यांच्या घरी जा. तिथले शंख बांगड्यांसाठी पार बंगालात जायचे, त्याचे भाव कोण ठरवायचं ते विचार.

पाहा, शिकवणी सुरू झाली माझी. रागावू नकोस. हे सगळं तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

पण पूल आहे ना आता? फेब्रुवारी 2024 मध्ये ओख्याहून बेटावर जाणारा सुदर्शन सेतू सुरू झाला, जेमतेम सव्वादोन किलोमीटर. रिक्षा जाते. खलाशांच्या कहाण्या ओट्यावर बसूनही ऐकता येतात. तू म्हणालीस, पुलाने ज्यांचे उतारू गेले त्यांच्याबद्दल होडीत न बसता कसं लिहू? त्यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी ओरडले.

आपण गेलो होतो तेव्हा तू बालवाडीत होतीस. धक्क्यावर ही गर्दी, आणि एका खलाशाने तुला एका हाताने उचलून होडीत ठेवलं. सीगल पक्षी डोक्यावरून फिरत होते, तू त्यांना गाठिया फेकत होतीस, बाबा तुझ्या फ्रॉकचा पट्टा धरून बसले होते. तू सारखी हसत होतीस. शंखनारायणाच्या देवळापाशी तुला पुन्हा होडीत बसायची घाई झाली होती. मलाही तेव्हा भीती वाटली नव्हती. काकाचं मही नदीत झालं ते त्यानंतर. आणि आपल्या बडोद्यातल्या हरणीच्या तळ्यात त्या शाळेच्या मुलांची होडी उलटली, तेव्हा तर तू इथेच होतीस. तळं होतं गं ते, समुद्रही नव्हे.

वारा असेल त्या दिवशी जाऊ नकोस. होडीवाला नको म्हणाला तर हट्ट करू नकोस, त्यांना पाणी कळतं. जाकीट मागून घे, लाजू नकोस. बसण्याआधी फोन कर. उतरल्यावरही.

दम्याचा पंप सॅकच्या पुढच्या कप्प्यात ठेवला आहे. थालीपिठं आजच संपव. बाबा म्हणतात, नानांची कचेरी कुठे होती हे कुणी दाखवलं तर फोटो काढून पाठव.

तुझी,
आई