बास बोट : आधी स्थैर्य, मग वेग

महोदय,

बास बोटींच्या वेगाबद्दल लिहिणारे बहुतेक जण इंजिनाची अश्वशक्ती सांगतात आणि तिथेच थांबतात. बास मासा गळाने धरण्यासाठी बांधलेली ही १८ ते २१ फुटांची बसकी फायबरग्लास बोट, मागे बहुधा २०० ते २५० अश्वशक्तीचे आउटबोर्ड, म्हणजे बोटीबाहेर मागे टांगलेले इंजिन. पण तेच इंजिन लावलेल्या दोन सारख्या बोटींपैकी एक सरळ रेषेत धावते आणि दुसरी डुलत, मागे पडत जाते. हा फरक जुळवणीचा असतो, आणि जुळवणी करताना वेगाआधी स्थैर्य पाहिले पाहिजे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

पूर्ण वेगात बोटीचा जवळजवळ सगळा तळ पाण्याबाहेर येतो. पाण्याला टेकलेली राहते ती तळाच्या मध्यावरची, मागच्या टोकाकडची अरुंद सपाट पट्टी. तिला पॅड म्हणतात. घर्षण कमी झाल्यामुळे वेग मिळतो, पण आधारही तेवढाच उरतो. म्हणून प्रोपेलर विकत घेण्याआधी हा पॅड तपासावा. बोट ट्रेलरवर असताना ट्रान्समपासून (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीपासून, जिथे इंजिन बसते) पुढे तीन-चार फुटांची सरळ धातूची पट्टी पॅडला खालून लावून धरावी. मध्ये फट दिसली तर तळ आत दबलेला आहे. अशी बोट नाक खाली दाबून धावते आणि वेग गमावते. पट्टी मध्ये टेकून टोकांना फट राहिली तर तळाला फुगवटा आहे, आणि अशी बोट नाक वर-खाली आपटत चालते. तळ दबण्यामागे पुष्कळदा ट्रेलरच असतो. त्याचे आधाराचे फळकुट ट्रान्समच्या अलीकडेच संपत असेल, तर इंजिनाचे सगळे वजन अधांतरी लोंबकळत राहते.

त्यानंतर स्टीअरिंग. चाक एकाने घट्ट धरावे, दुसऱ्याने इंजिनाचा खालचा भाग हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहावा. थोडीही ढिलाई जाणवली तर वेगाच्या चाचण्या थांबवाव्यात. हायड्रॉलिक स्टीअरिंगमध्ये बहुतेक वेळा आत हवा अडकलेली असते, ती काढून तेल भरावे लागते. केबलचे स्टीअरिंग असेल तर जोड आणि केबल दोन्ही तपासावे. पॅडवर धावणारी बोट डुलू लागते तेव्हा या ढिलाईमुळे चालकाची प्रत्येक दुरुस्ती उशिरा पोचते आणि डुलणे कमी होण्याऐवजी वाढते.

आता वजन. उजवीकडे फिरणारा प्रोपेलर बोटीला डावीकडे कलवू पाहतो. उजवीकडे बसलेल्या चालकाच्या वजनाने ते थोडेफार भरून निघते, पण शेजारी माणूस बसला की हिशेब बदलतो. म्हणून चाचणी एकट्याने आणि दोघांनी अशी दोन्ही प्रकारे घ्यावी. पेट्रोल लिटरमागे सुमारे पाऊण किलो भरते, मासे ठेवायच्या टाकीतले पाणी लिटरमागे एक किलो. मागच्या शिशाच्या बॅटऱ्या काढून लिथियमच्या बसवल्या तर ट्रान्समवरचे बरेच वजन एकदम उतरते आणि आधीची सगळी जुळवणी नव्याने करावी लागते. हे फारसे कुणी लक्षात घेत नाही.

एवढे झाल्यावरच प्रोपेलर. नेहमीचे ओझे घेऊन पूर्ण थ्रॉटलवर इंजिन उत्पादकाने दिलेल्या आरपीएमच्या (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) पट्ट्यात, शक्यतो वरच्या टोकाजवळ पोचले पाहिजे. पोचत नसेल तर पिच (प्रोपेलर एका फेऱ्यात सिद्धांताने जितके इंच पुढे सरकतो ते अंतर) जास्त आहे, इंजिन ओझ्याखाली घुसमटते. पट्ट्याबाहेर जात असेल तर पिच कमी आहे. पिच एक इंचाने बदलले की साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. तीन पात्यांचा प्रोपेलर बहुधा कमाल वेग जास्त देतो. चार पात्यांचा पाणी घट्ट धरतो, मागचा भाग उचलतो आणि बोट शांत ठेवतो. डुलणाऱ्या बोटीवर एखाद-दोन मैलांचा वेग सोडून चार पाती लावणे केव्हाही शहाणपणाचे.

जुळवणी खरी किती जमली हे स्लिप सांगते, म्हणजे सैद्धांतिक वेगापेक्षा प्रत्यक्ष वेग किती टक्के कमी पडतो. आरपीएमला पिचने गुणावे, गिअर रेशोने (प्रोपेलरच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे किती फेरे होतात त्या आकड्याने) भागावे, मग १०५६ ने भागावे. आलेला आकडा म्हणजे ताशी मैलांतला सैद्धांतिक वेग. ५८०० आरपीएम, २५ इंच पिच आणि १.७५ रेशो धरला तर ७८.५ मैल येतात. जीपीएसवर ७०.५ दिसले, तर स्लिप साधारण १० टक्के. स्लिप याहून बरीच जास्त असेल तर महागडा प्रोपेलर आणण्याआधी पाती वाकली आहेत का, कडा खरचटल्या आहेत का आणि इंजिनाची उंची काय, हे पाहावे.

उंचीसाठी इंजिन तळाला समांतर करून प्रोपेलरच्या शाफ्टचा मध्य पॅडच्या किती खाली आहे ते मोजावे. साडेतीन इंचांपासून सुरुवात करून जॅक प्लेटने (इंजिन वर-खाली सरकवणाऱ्या आधाराने) एका वेळी पाव इंच वर न्यावे, आणि प्रत्येक वेळी दोन्ही दिशांनी धाव घेऊन सरासरी लिहून ठेवावी. पाण्याच्या दाबाचा गेज नसेल तर हे काम करूच नये. दाब इंजिनाच्या पुस्तिकेतल्या किमान आकड्याखाली गेला किंवा सुई थरथरली की लगेच खाली यावे, कारण थंड करणारे पाणीच पोचत नसते. वळणावर प्रोपेलर हवा ओढून सुटत असेल तरी उंची जास्त झाली आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. उंची आणि प्रोपेलर एकाच दिवशी बदलणाऱ्याला कशामुळे काय झाले ते कधीच कळत नाही.

ट्रिम म्हणजे धावताना इंजिनाचा कल बदलून बोटीचे नाक वर-खाली करणे. ट्रिम वर करताना आरपीएम आणि जीपीएस दोन्ही वाढत असतील तर ठीक. आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, तिथे थांबून थोडे खाली यावे. त्यापुढे ट्रिम केले की बोट डाव्या-उजव्या कडांवर आळीपाळीने आपटू लागते. यालाच चाइन वॉक म्हणतात. अशा वेळी थ्रॉटल झटक्याने सोडू नये. नाक एकदम पाण्यात घुसते आणि बोट गरकन फिरू शकते. ट्रिम किंचित खाली, थ्रॉटल हळूच कमी, चाकावर हलका ताण, एवढेच करावे.

बोटीच्या क्षमता-पट्टीवर (बोटीला किती शक्ती आणि ओझे चालते ते सांगणाऱ्या पाटीवर) दिलेली अश्वशक्ती ओलांडू नये. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटी वेगात चालवताना किल स्विचची दोरी चालकाला जोडलेली असणे कायद्याने आवश्यक आहे. कायदा नसेल तिथेही ती जोडावी आणि लाइफ जॅकेट घालावे. चालक बाहेर फेकला गेला की इंजिन बंद पडलेच पाहिजे.

आपल्याला विनंती अशी, की यापुढे बोटीचा कमाल वेग छापाल तेव्हा सोबत आरपीएम, पिच, गिअर रेशो, इंजिनाची उंची आणि बोटीतले ओझेही छापावे. एवढे आकडे हाती असले की वाचक स्लिप स्वतः काढून पाहू शकेल.

आपला,
एक वाचक