गोधडीला फुगा का आला

सोलापूर

चि. सायली,

अनेक आशीर्वाद.

गोधडीचा फोटो मिळाला. रंग जमलेत, पण मधोमध फुगा आलाय आणि डावा काठ आत ओढला गेलाय. दोन्ही दोषांची कारणं वेगळी आहेत, तेव्हा एका उपायात दोन्ही जाणार नाहीत.

फुग्याचं आधी. तू वरचा थर मशिनवर अखंड जोडून घेतलास आणि मग काठापासून आत शिवत गेलीस. आपल्याकडच्या बायकाही काठापासूनच सुरुवात करतात, पण त्या ठिगळं आधी जोडत नाहीत. अस्तरावर एकेक तुकडा ठेवायचा, कड दुमडायची, धावदोऱ्यानंच बसवायची आणि पुढं सरकायचं. प्रत्येक तुकड्याची ढिलाई तिथल्या तिथं जिरते. जोडलेल्या थराला ती सोय नाही. चारी बाजू शिवून बंद केल्यावर सैल कापड मध्यावरच गोळा होणार. म्हणून वरचा थर आधी जोडायचा असेल, तर मधून बाहेर शीव. उरलेली ढिलाई काठाशी येईल, ती कापून टाक आणि मग पट्टी लाव.

शिवण्याआधी अस्तर उलटं अंथर, कोपऱ्यांवर वजन ठेव आणि पंखा बंद कर. उकडेल, पण पंख्यानं मधला थर हलतो आणि वरून ते दिसतही नाही. मग वीत-वीत अंतरावर आडवे-उभे कच्चे टाके घाल. या कामाचा तुला कंटाळा आहे, हे फोटोवरूनच कळतं.

काठ ओढला गेला तो दोऱ्यामुळं. दोरा हातभरच घे. लांब घेतलास तर दर टाक्याला तोच भाग कापडातून घासत जातो आणि पिंजतो. सुईवर चार-पाच टाके घेऊन ओढलेस की तेवढा भाग अंगठ्यानं सपाट करायचा, मगच पुढं जायचं. आणि जुन्या लुगड्याला पॉलिएस्टरचा दोरा नको. ताण आला की तो तुटत नाही, कापडालाच कापत जातो. सुती दोरा मेणावरून ओढून घे.

आता कापड. माझ्या मते गोधडीचं निम्मं काम इथंच होतं. नऊवारी म्हणजे 27 फूट, पन्हा पावणेचार फुटांच्या आसपास. 5 फुटांचे 5 तुकडे निघतात. दोन तुकडे लांबीच्या कडेनं जोडलेस की शिवण जाऊन साधारण 5 बाय सव्वासात फुटांचा एक थर होतो. म्हणजे एका लुगड्यात दोन थर, आणि पाचवा तुकडा ठिगळांना. लुगड्याचा काठ जाड असतो, तो मधल्या थरात ठेवू नकोस. उसवून वेगळा काढ, कडेच्या पट्टीला तो शोभतोही. इरकली लुगड्याचा पदर बहुधा रेशमी किंवा रेयॉनचा असतो. सुती अंगाशेजारी तो बसवला की धुतल्यावर दोन्ही वेगवेगळे आटतात आणि शिवणीवर चुण्या येतात. विरलेल्या धोतराशेजारी कोरं लाँगक्लॉथ, म्हणजे साधं पांढरं सुती कापड, लावलंस तरी तेच, वर ताण सगळा धोतरावर येतो आणि ते शिवणीलगत फाटतं. सारखं झिजलेलं सारख्याला जोड. चाटी गल्लीतून नवं आणलंसच तर दोनदा धुऊन खळ काढ. खळ राहिली तर कापडाला कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, लागते.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले टॉवेलचे तुकडे स्वस्त मिळतात म्हणून भरायला घेऊ नकोस. धुताना ते इतकं पाणी पितात की गोधडी उचलवत नाही, आणि टाके ओढले जातात. जुनी सोलापुरी चादर मात्र मधला थर म्हणून चालते. एकच घाल, दुसरी घातलीस तर सुई जाणार नाही.

लाल आणि जांभळ्या कापडाची परीक्षा आधी घे. ओला पांढरा कपडा त्यावर दाबून चोळ. रंग लागला तर ते कापड बाजूला. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो या समजुतीवर विसंबू नकोस.

रचनेबद्दल एकच सांगते. चार ठिगळांचे कोपरे एका ठिकाणी आले की तिथं कापडाच्या घड्या साचतात आणि सुई मोडते. भिंतीतल्या विटांसारखे सांधे चुकवत जा. गडद-फिकं जमलंय का, हे फोनवर काळा-पांढरा फोटो काढून पाहा. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कोपऱ्यांवर कापडाचा दुमडलेला त्रिकोण शिवतात. तसं करायचं असेल तर कर, पण ते कुणाकडून शिकलीस हे विकताना सांग.

किमतीचं विचारलंस. 60 बाय 87 इंचांच्या गोधडीवर पाऊण-पाऊण इंचावर उभ्या ओळी घातल्या तर त्या 80 होतात. म्हणजे सुमारे 175 मीटर धावदोरा, आणि इंचाला 4 टाके धरले तर जवळजवळ 28,000 टाके. एका ओळीला 25 मिनिटं लागली तरी नुसत्या शिवणाचे 33 तास झाले. कापणं, धुणं, कच्चे टाके वेगळे. तासाचा दर आधी ठरव, मग किंमत सांग. ‘एवढ्यात चार चादरी येतात’ असं म्हणणारे भेटतीलच. त्यांच्याशी वाद घालू नकोस. चादर मागावर होते, तिचा हिशोबच निराळा.

या गोधडीचे मधले टाके उसव, काठ एका बाजूनं मोकळा कर आणि मधून पुन्हा शीव. पुढचा फोटो उलट्या बाजूचा पाठव.

तुझी,
आई