नमुन्याला अनुदान आहे, देखभालीचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संरक्षण क्षेत्रातल्या नवउद्योगांना सरकार किती कोटी देतं, यावरचा आपल्या अंकातला लेख वाचला. मी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचे हिशेब बघते. अशा अनुदानाचे हप्ते माझ्या हाताखालून गेले आहेत, म्हणून जमाखर्चाच्या बाजूने थोडं लिहिते.

आमची कंपनी अकरा जणांची. तिन्ही दलांपैकी एका दलासाठी आम्ही एक प्रणाली तयार केली. कोणतं दल, कोणती योजना, प्रणाली काय करते, हे लिहिता येणार नाही. एवढंच सांगते, की ती पडद्यावर चालते; तिला ना चाकं आहेत ना पंखे. पण सुपूर्द करताना तपासणीचा जो फॉर्म पुढे आला, त्यात मालाचं वजन, लांबी-रुंदी-उंची, रंग, वेष्टनाचा प्रकार आणि नगसंख्या असे रकाने होते. पेनड्राइव्ह आत न्यायला बंदी, आणि ती असायलाच हवी, म्हणून प्रणाली डीव्हीडीवर नेली होती. भांडारातले हवालदार अदबीने म्हणाले, "मॅडम, रकाना रिकामा सोडला तर वरून परत येतो." मग त्यांच्याच टपालाच्या काट्यावर डबीसकट डीव्हीडी ठेवली, आलेलं वजन ग्रॅममध्ये लिहिलं. रंग : पारदर्शक. नग : एक. लेजरमध्ये पान उघडलं, सही-शिक्का झाला आणि आम्ही 'माल पोचता केला'. हवालदारांना दोष देण्यासारखं काही नाही. तो फॉर्म तंबू आणि टायरांसाठी छापलेला होता. मात्र पुढचे आमचे सगळे हाल त्याच हिशेबातून निघाले.

सरकारने या क्षेत्रात काहीच केलं नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. 'आयडेक्स', म्हणजे संरक्षणाच्या गरजेच्या नव्या तंत्रज्ञानाचा नमुना (प्रोटोटाइप) बनवायला नवउद्योगांना अनुदान देणारी संरक्षण मंत्रालयाची योजना, एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली. त्यात आधी दीड कोटींपर्यंत अनुदान होतं, २०२२ मध्ये 'आयडेक्स प्राइम'मधून ते १० कोटींपर्यंत गेलं आणि मार्च २०२४ मध्ये आलेल्या 'अदिती'मध्ये २५ कोटींपर्यंत. डीआरडीओच्या तंत्रज्ञान विकास निधीची मर्यादा प्रकल्पामागे ५० कोटी आहे. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या तरतुदीतला २५ टक्के हिस्सा उद्योग, नवउद्योग आणि शिक्षणसंस्थांना खुला करण्याची घोषणा झाली. दहा वर्षांपूर्वी अकरा जणांच्या कंपनीला सैन्याच्या फाटकावर कोणी ओळखपत्रही दिलं नसतं. आज आत बोलावून चहा देतात, प्रश्न समजावून सांगतात. हा बदल मोठा आहे आणि तो मी पाहिलेला आहे.

तरी अनुदान म्हणजे फुकटचा पैसा, हा समज काढून टाकायला हवा. आयडेक्ससारख्या योजनेत सरकार जितकं देतं, तितकंच कंपनीला स्वतःचं घालावं लागतं. पैसे टप्प्याटप्प्याने येतात : टप्पा पूर्ण करा, समितीपुढे दाखवा, विनियोग प्रमाणपत्र (आधीचे पैसे कशावर खर्चले याचा दाखला) द्या, मग पुढचा हप्ता. यंत्र बनवणाऱ्याचा खर्च बिलात दिसतो, मोटार घेतली, पत्रा घेतला. आमच्या खर्चात पगाराशिवाय फारसं काही नसतं. एका लेखापरीक्षकाने मला विचारलं होतं, "एवढ्या रकमेत यंत्रसामग्री काहीच कशी नाही?" मी म्हटलं, ती संध्याकाळी साडेसहाला घरी जाते. ते हसले, पण शेरा राहिलाच. समितीची तारीख पुढे गेली, की हप्ता पुढे जातो. पगाराची तारीख मात्र जात नाही. बँकेकडे जावं, तर कोड तारण ठेवून घेणारी बँक मला अजून भेटायची आहे. शेवटी मालकांचा फ्लॅट गहाण पडतो.

हे सोसता येतं. खरी अडचण नमुना पास झाल्यावर सुरू होते.

तोफ भांडारात ठेवली, तर तिला तेलपाणी करणारी व्यवस्था सैन्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. सॉफ्टवेअर नुसतं जागेवर ठेवलं तरी शिळं होत जातं. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग४जे' नावाच्या एका फुकट मिळणाऱ्या कोडच्या तुकड्यात भगदाड सापडलं, आणि जगभरच्या कंपन्यांना रातोरात आपापल्या प्रणाली उघडून बघाव्या लागल्या, हा तुकडा आपल्याकडे कुठे कुठे आहे ते. ऑगस्ट २०२३ मध्ये बातम्या आल्या, की संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवर विंडोजऐवजी 'माया' ही ऑपरेटिंग सिस्टिम आणणार आहे; ती उबंटू या फुकट मिळणाऱ्या सिस्टिमवर बेतलेली आहे. निर्णय म्हणून उत्तमच. पण विंडोजवर बेतलेल्या छोट्या-मोठ्या प्रणाली नव्या ठिकाणी हलवायच्या, पुन्हा तपासायच्या, तर ते काम कोण करणार आणि कोणत्या खात्यातून? शिवाय सैन्याच्या संगणकांची जाळी बाहेरच्या इंटरनेटपासून तोडलेली असतात. आपल्या फोनसारखी तिथे रात्रीतून सुधारणा उतरत नाही. माणूस जातो, परवानगी काढतो, तिथे बसतो, बसवतो, तपासतो आणि परत येतो.

आमच्याकडे असे फोन येतात. युनिटमधले साहेब सांगतात, "तुमचं चांगलं चाललंय, फक्त नवीन मशीनवर उघडत नाही." आमच्या कंपनीतला एखादा मुलगा जातो. गेल्या वर्षी अशा एका फेरीचं बिल मी पाठवलं. उत्तर आलं, की प्रकल्प बंद झाला असून या मथळ्याखाली तरतूद नाही. मधल्या काळात आमचा प्रश्न ज्या अधिकाऱ्यांना मुळापासून माहीत होता, त्यांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी सगळं पहिल्यापासून समजून घेतलं, सौजन्याने घेतलं, पण पैसे काढायचं कलम त्यांनाही सापडलं नाही.

कलम सापडत नाही याचं कारण सोपं आहे. नव्या वस्तूची खरेदी भांडवली खर्चात बसते, देखभाल महसुली, म्हणजे रोजच्या चालू खर्चात, आणि आमचं अनुदान या दोन्हींत धड बसत नाही. २०२० च्या संरक्षण खरेदी प्रक्रियेत माहिती-तंत्रज्ञान प्रणालींसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, पण ते मोठ्या खरेदीचं. महसुली खरेदीची नवी नियमपुस्तिका १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तीत पाच वर्षांपर्यंत ठरावीक संख्येच्या मागणीची हमी देण्याची सोय आहे. सुटे भाग बनवणाऱ्यांसाठी ही सोन्यासारखी तरतूद. आम्ही कोणती संख्या लिहायची? एकदा दिलेली प्रत त्यांच्याकडे आहेच, दुसरी कोण मागेल?

अमेरिकेचं उदाहरण अशा वेळी हटकून दिलं जातं, म्हणून तेही बघू. तिथे १९८२ च्या कायद्याने मोठ्या सरकारी खात्यांना बाहेर वाटायच्या संशोधन निधीतला ठरावीक हिस्सा छोट्या कंपन्यांसाठी राखून ठेवायला लावला. पुढे तो वाढत ३.२ टक्क्यांवर गेला. पाचशेपर्यंत माणसं असलेली कंपनी तिथे छोटी, म्हणजे आम्ही त्यांच्या हिशेबात कोपऱ्यातलं टेबल. घेण्यासारखी गोष्ट तिसऱ्या टप्प्याची आहे. आधीच्या टप्प्यांत, म्हणजे कल्पना तपासण्यात किंवा नमुना बनवण्यात, काम केलेल्या कंपनीला पुढचं काम नव्याने स्पर्धा न लावता थेट देता येतं, कोणतंही खातं देऊ शकतं. पण या टप्प्याला योजनेचा स्वतःचा पैसा नाही, तो खात्याने आपल्या खिशातून काढायचा. त्यामुळे तिथेही बरेच नमुने कपाटातच राहतात. आणि मुदतवाढ न मिळाल्याने ३० सप्टेंबर २०२५ ला ती योजनाच खंडित झाली होती. तेव्हा त्यांचं सगळंच उचलावं असं मुळीच नाही.

काही वाचक म्हणतील, एकदा पैसे दिले, आता दरवर्षी का द्यायचे? शंका रास्त आहे. नुसत्या अनुदानांवर जगणाऱ्या, एकामागून एक नमुने बनवून मोकळ्या होणाऱ्या कंपन्या असतात. त्यांना आळा घालायचा असेल, तर वापराला पैसे जोडावेत, नमुन्याला नव्हे. दोन हप्त्यांची रक्कम शेवटासाठी मागे ठेवा आणि ती प्रात्यक्षिकाच्या दिवशी टाळ्या पडल्या म्हणून सोडू नका. सहा महिन्यांनी जवान ती प्रणाली रोज उघडतात का, हे त्या युनिटकडून लेखी घेऊन मग सोडा. आम्हाला चालेल.

आणि करार करतानाच देखभालीची ओळ त्यात लिहा. माझा हिशेब असा : दीड कोटीच्या अनुदानावर वर्षाला १५ टक्के धरले, तर साडेबावीस लाख होतात, पाच वर्षांचे एक कोटी साडेबारा लाख. ही रक्कम वापरणाऱ्या दलाच्या महसुली तरतुदीतून, दर सहा महिन्यांनी, युनिटच्या प्रमाणपत्रावर द्यावी. युनिटने वापर थांबवला, की त्याच सहामाहीत देणंही थांबावं. फॉर्ममध्ये वजनाच्या रकान्याशेजारी 'लागू नाही' लिहायची मुभा दिली, तर त्याला एक पैसाही लागणार नाही.

कंपनीचं पुढचं काम त्याच कार्यालयांतून येणार असल्याने नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक लेखापाल