मनीच्या बाळंतपणाबद्दल

जळगाव,
२ एप्रिल

प्रिय मंगल,

सप्रेम नमस्कार.

मनी गाभण असल्याचं वाचलं. बोका येऊन गेल्याची तारीख तू लिहून ठेवलीस, हे फार बरं केलंस. तिथून ६३ ते ६५ दिवस धर. दोन-चार दिवस इकडेतिकडे चालतात. ७० उलटले आणि वेणा नाहीत, तर दाखवायलाच हवं. ५५ दिवस झाले की एक एक्स-रे काढून घे. तोवर पिलांची हाडं नीट दिसतात, त्यामुळे ती मोजता येतात. आकडा माहीत असला की पोटात अजून एखादं राहिलंय का, हा घोळ उरत नाही.

नुसत्या दूध-भाकरीवर तिला ठेवू नकोस. मांजरीला टॉरिन नावाचं पोषक द्रव्य लागतं आणि ते मांस-मासळीतूनच मिळतं; कमी पडलं तर पिलं पोटातच जातात किंवा अशक्त निघतात. आणि कॅल्शियमचं सिरप आधीपासून मुळीच नको. बाहेरून आयतं मिळालं की शरीर हाडांतलं कॅल्शियम काढायला सुस्तावतं आणि दूध सुरू झाल्यावर नेमकं तेव्हाच कमी पडतं.

व्यायच्या आदल्या दिवशी बहुधा अंगाचं तापमान ३७.८ सेल्सिअसच्या खाली उतरतं. ती खात नाही, कोपरे धुंडाळते, ओरडते. हे चोवीस तासही चालेल, घाबरू नकोस. खरं घड्याळ जोराच्या कळा सुरू झाल्यावर बघायचं. अर्धा तास जोर लावूनही पिलू आलं नाही, तर दवाखान्याकडे निघ. पिलू अर्धवट दिसतंय आणि दहा मिनिटं तिथेच अडकलंय, तरी निघ. मागचे पाय आधी आले तर दचकू नकोस, मांजरीत ते नेहमीचंच. पण ओढू नकोस.

पहिल्या पिलाआधीच हिरवट-काळं पाणी गेलं, तर वार सुटलेली असते आणि आतल्या पिलाचा श्वास तुटत चाललेला असतो. तेव्हा एक मिनिटही थांबायचं नाही. तेच पाणी पहिल्या पिलानंतर दिसलं तर चिंता नाही. दोन पिलांमध्ये मांजर कधी कधी तासन् तास थांबते. ती शांत असेल, पिलांना पाजत असेल, खात असेल, तर थांबू दे. पण कळा देतेय आणि काही येत नाही, किंवा मलूल पडलीय, तर ती विश्रांती नव्हे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे गोठ्यात म्हशीला पान्हा सोडायला ऑक्सिटोसिन टोचतात. 'एक टोचलं की मोकळी होईल' असं कोणी ना कोणी म्हणेलच. ऐकू नकोस. पिलू आडवं अडकलेलं असताना गर्भाशय जोराने आवळलं की ते फाटतं. वाट मोकळी आहे हे तपासूनच डॉक्टर ते देतात, तेही अगदी थोडं.

प्रत्येक पिलामागे एक वार पडते, मोज. मनी ती खाईल, खाऊ दे. वार आत राहिली, तर दोन-तीन दिवसांत ताप, घाण वास आणि दूध आटणं दिसतं. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नकोस, मांजराला एक गोळीही जीवघेणी ठरते.

पुढचे तीन-चार आठवडे तिच्या पायांकडे बघ. चाल ताठरली, अंग थरथरू लागलं, तोंड उघडून धापा टाकू लागली, तर रक्तातलं कॅल्शियम घसरलंय. पिलं लगेच बाजूला काढ आणि थेट दवाखाना गाठ. तिथे शिरेतून हळूहळू कॅल्शियम देतात, हृदयाचे ठोके ऐकत ऐकत. घरी तोंडाने पाजण्यात वेळ घालवू नकोस; झटके येत असताना ते श्वासनळीत जाईल.

ऐन एप्रिलअखेरचं बाळंतपण, तेव्हा पत्र्याच्या खोलीत खोकं ठेवू नकोस, आणि कूलरच्या थेट झोतातही नको. नवी पिलं गारठतात. आई झटापटीत असली आणि पिलाच्या तोंडावरची पिशवी फुटली नाही, तर तू फाड, नाक पूस, सुती फडक्याने खसखस पूस. गार पडलेल्या पिलाला आधी ऊब दे, दूध नंतर. रोज किराणा काट्यावर वजन कर. दिवसाला दहाएक ग्रॅम वाढायला हवं.

पारोळ्याहून धुळं जवळ पडेल. तिथे रात्री मांजरीचं सिझेरियन कोण करतं, ते आत्ताच फोन करून विचारून ठेव. कित्येक डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवरच बसलेला असतो. एक्स-रेत किती दिसली ते कळव.

तुझी,
शोभा